ताईजींचा होकार

कोड समोर आला की ताईजी चष्मा काढून ठेवायच्या. बाकीची माणसं वाचायच्या आधी चष्मा लावतात, या काढायच्या, पदराने पुसायच्या, टेबलावर उलटा ठेवायच्या, खुर्ची फिरवून स्क्रीनकडे पाठ करायच्या आणि म्हणायच्या, "बोल. पहिले जुनं काय करतं ते सांग."

नवीन आलेला प्रत्येक जण इथेच फसायचा. तो हुरूपाने आपल्या नव्या कोडबद्दल बोलायला लागायचा. ताईजी नुसता हात वर करायच्या, चौकातल्या हवालदारासारखा. नवं मी वाचीन, जुनं तू सांग, एवढंच त्यांचं म्हणणं. जुनं नीट सांगता आलं नाही तर चष्मा लागायचा नाही, आणि चष्मा लागला नाही तर रिव्ह्यू सुरू व्हायचा नाही. माझा पहिला रिव्ह्यू कित्येक दिवस सुरूच झाला नव्हता. मी आपली रोज त्यांच्या पाठीशी बोलून परत यायची.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या टेबलाकडे जाताना आपण आधी पाणी पिऊन घेतो. आमच्याकडे ते माणूस ताईजी. त्यांचं नाव कोणी घ्यायचंच नाही. मराठी माणसं त्यांना ताई म्हणत होती, हिंदीवाल्यांना नुसतं ताई म्हणायला कसंतरी वाटलं, त्यांनी जी लावला, आणि मग मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या ताईजी झाल्या. वडील कापड मिलमध्ये क्लार्क, स्वतः आधी शाळेत गणित शिकवत होत्या. हिंदीवाल्यांशी हिंदी, माझ्याशी आमचं इंदुरी मराठी, ज्याला पुण्याचे पाहुणे हसतात. पण रागावल्या की त्यांचं मराठी एकदम पुस्तकी व्हायचं. "हे आपण कोणत्या आधारावर केलंत?" असं त्यांनी विचारलं की समजायचं, आज आपली धडगत नाही.

आमची कंपनी छोटी. इंदूरला अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूला, खाली वह्या-पुस्तकांचं दुकान आणि वर आम्ही. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. मानपूर, सिमरोल अशा गावांत नमुने गोळा करायची केंद्रं आहेत. नमुने इंदूरला येतात, तपासले जातात, आणि संध्याकाळी सगळ्यांचे रिपोर्ट एकाच गठ्ठ्यात केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर परत जातात. त्या गठ्ठ्यातून एकेका पेशंटचा रिपोर्ट सुटा करून छापायला देणारी एक कमांड आहे. तिचं नाव वाटणी. ती ताईजींनी लिहिली होती, मी शाळेत असताना.

वाटणी ही शेल स्क्रिप्ट होती. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: शेल स्क्रिप्ट म्हणजे लग्नघरातले ते काका, जे स्वतः इकडची काडी तिकडे करत नाहीत, नुसत्या हाका मारतात. अरे तू मोज, तू कापून दे, तू क्रमाने लाव. काम होतं, पण दर कामाला नवा माणूस बोलवावा लागतो. मोठ्या कॉम्प्युटरवर हे खपून जातं. केंद्रांवर मात्र आता हाताच्या पंजाएवढे स्वस्त कॉम्प्युटरचे डबे बसवले होते, आणि त्यांच्यावर वाटणी इतकी रेंगाळायची की रिपोर्ट न्यायला आलेल्या लोकांची शेवटची बस निघून जायची. म्हणून ती सी भाषेत नव्याने लिहायचं ठरलं. सीमध्ये कोणाला हाक मारायची सोय नाही, सगळं आपल्याच हाताने करायचं. ते काम माझ्याकडे आलं.

आता यात माझं काय अडलं होतं ते सांगते. आमच्याकडे एक नियम होता: ताईजींनी हो म्हटल्याशिवाय एक ओळसुद्धा केंद्रांवर जायची नाही. आणि दिवाळीनंतर ताईजी काम सोडणार होत्या. मालकांनी एकदा सगळ्यांच्या समोर विचारलं, की ताईजी, आपके बाद हाँ कौन बोलेगा? ताईजींनी जागेवरूनच माझ्याकडे बोट केलं.

"ये लड़की वाटणी को ठीक से सी में ले आई, तो ये बोलेगी. नहीं तो बाहर से आदमी लाना."

पगार वाढणार नव्हता, टेबलही बदलणार नव्हतं. पण मला ते 'हो' पाहिजे होतं. आजवर मी नुसती लिहिणारी होते. कोणीतरी माझ्या नजरेवर भरवसा ठेवावा, एवढीच इच्छा होती, आणि ती फार मोठी इच्छा होती.

मी जोरात सुरुवात केली. कॉलेजात सीमध्ये मला चांगले मार्क होते, त्यामुळे मी वाटणी नुसती उतरवून काढली नाही, सुधारली. नावांची वर्गवारी करायला एक अशी युक्ती काढली की माझी मीच खूश झाले. ताईजींचा रिव्ह्यू आला. त्या युक्तीखाली त्यांनी लिहिलं होतं: "सुंदर आहे. काढ."

मी भांडायला गेले. त्यांनी मला बसवलं, डब्यातली शेव पुढे केली आणि शांतपणे सांगितलं.

"हे बघ बेटा, तू एका पाकिटात दोन वस्तू घालून राहिलीस. एक जुनं नव्या भाषेत, आणि एक तुझं शहाणपण. उद्या काही बिघडलं तर मला कसं समजणार, की कशाने बिघडलं? पहिले जसंच्या तसं आण. शहाणपण नंतर, वेगळ्या पाकिटात."

पॅचला, म्हणजे कोडमध्ये एका वेळी पाठवलेल्या बदलाला, त्या पाकीटच म्हणायच्या. आणि जसंच्या तसं म्हणजे खरोखरच जसंच्या तसं. जुन्या वाटणीत एक संदेश होता, 'फाईल मिळाली नाही', आणि त्यात मिळालीचा ळ चुकून ल झाला होता. मी तो नीट केला, तर पाकीट परत आलं. सुधारणा चांगली आहे, वेगळी पाठव. मी तेवढ्या एका अक्षराचं वेगळं पाकीट केलं, आणि ते त्यांनी त्याच मिनिटाला पास केलं. त्यांच्या मनात काही आकस नव्हता, ही त्यांची शिस्तच होती.

त्यांच्याकडे फाईलींचा एक संग्रह होता, त्याला त्या शंकराची वरात म्हणायच्या. कोणीही नवा प्रोग्रॅम आणला की तो आधी या वरातीसमोर उभा करायचा. वरातीत एक फाईल अशी होती जिच्या नावात नुसती मोकळी जागा होती, दुसरं काही नाही. एकीचं नाव वजाबाकीच्या चिन्हाने सुरू व्हायचं, त्यामुळे साधेभोळे प्रोग्रॅम तिला हुकूम समजायचे. एक पूर्ण रिकामी, एक कुलूपबंद, एकीचं नाव देवनागरीत, एक इतकी लांब की तिचं शेपूट सापडायचं नाही. चांगल्या पाहुण्यांना कोणीही जेवू घालतं, यांना घालून दाखवा, असं त्या म्हणायच्या. माझी पहिली वाटणी त्या रिकाम्या फाईलीलाच पाहून आडवी झाली. ताईजी हसल्या नाहीत. त्यांनी फक्त शंकराची वरात पाहून पार्वतीच्या आईचीसुद्धा हीच हालत झाली होती असं सांगितलं आणि मला परत पाठवलं.

सीमध्ये आणखी एक भानगड असते. लागेल तेवढी जागा कॉम्प्युटरकडून मागून घ्यायची आणि काम झालं की आठवणीने परत करायची. मी घ्यायला कधी विसरायची नाही, द्यायला विसरायची. ताईजी दर ओळीवर बोट ठेवून विचारायच्या, शेजारणीची वाटी परत केली का? एकदा मी एकच वाटी दोनदा परत केली. त्यावर मात्र त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "आपण हे कोणत्या आधारावर केलंत?" मी उठून पाणी प्यायला गेले.

असं करत करत वाटणी माणसात आली. वरात जेवून गेली, वाट्या परत गेल्या, बसच्या वेळेच्या कितीतरी आधी रिपोर्ट सुटे व्हायला लागले. मालक दिवसाआड विचारत होते. नवरात्र आलं. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती कोऱ्या पानाची.

जुन्या वाटणीने छापलेल्या प्रत्येक रिपोर्टच्या मागून एक कोरं पान निघायचं. ते का निघतं हे मी शोधून काढलं होतं. वाटणी रिपोर्ट संपला की पान बाहेर टाकायची खूण लावायची, आणि पुढे छापणारी कमांडही तीच खूण लावायची. दोन खुणा, म्हणून एक पान फुकट. ताईजींचं जसंच्या तसं मला आता पाठ झालं होतं, तरी मला वाटलं, एवढी उघड चूक नव्या कोडमध्ये मुद्दाम कशाला लिहायची? मी ती खूण लावली नाही. रिव्ह्यूत मात्र स्वच्छ लिहिलं, की हे एक वगळलं आहे, कारण ही चूक आहे.

ताईजींनी ते वाचलं आणि लगेच मान्य केलं. "चूकच आहे. माझी आहे. मला आठवतं पण आहे, प्रिंटर नवीन आला होता, त्या गडबडीत झालं."

"मग काढू ना?"

"चूक माझी आहे बेटा, पण पान त्यांच्याकडे जाऊन राहिलंय, इतकी वर्षं. ते त्याचं काय करतात?"

मला काय ठाऊक? मी म्हटलं, फेकत असतील. फोन करून विचारते. त्या म्हणाल्या, फोनवर लोक ते सांगतात जे आपल्याला ऐकायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जुनी गाडी ऑफिसखाली उभी होती.

गाडी त्या जशी चालवायच्या, तसाच कोड वाचायच्या. मागचा कितीही हॉर्न वाजवो, यांचा वेग तोच. महूच्या पुढे ट्रकवाले आम्हाला शिव्या घालत निघून जात होते आणि ताईजी मला सांगत होत्या की काम सोडून आपल्या मुलीकडे राहायला गेल्यावर त्या काहीही करणार नाहीत. कुंड्यासुद्धा नाही. त्यावर माझा विश्वास बसला नाही.

मानपूरचं केंद्र हायवेला लागून एका मेडिकलच्या दुकानातच आहे. पुढे औषधं, मागे पडद्याआड खुर्ची, तिथे रक्त घेतात. दुकानात ट्रकवाले, बसची वाट बघणारे, उगाच टेकलेले, अशी गर्दी कायम. केंद्र चालवणारा माणूस पन्नाशीचा, हातात एकाच वेळी तीन कामं. ताईजींनी त्याला भिया, म्हणजे इंदुरी भैया, म्हणून हाक मारली, चहा नको म्हटलं, आणि काही न विचारता बाकावर बसल्या. मी बोलायला तोंड उघडलं तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आम्ही बसून बघत राहिलो. एक बाई रिपोर्ट घ्यायला आली, डोक्यावर पदर, बरोबर कोणी नाही. त्या माणसाने नाव विचारून कागद काढले. मग मागचं कोरं पान पुढे घेऊन रिपोर्टभोवती दुमडलं, कडेला स्टेपलर मारला, आणि बाहेरच्या कोऱ्या बाजूवर तिचं नाव लिहून तिच्या हातात दिलं. ती बाई ते पाकीट छातीशी धरून गर्दीतून निघून गेली. आजूबाजूला दहा माणसं उभी होती. कोणालाही त्या कागदावरचं एक अक्षर दिसलं नव्हतं.

ताईजींनी तेव्हा विचारलं, की भिया, ये सबका ऐसे ही करते हो क्या?

"सबका, ताईजी. छोटी जगह है. लेडीज़ की रिपोर्ट रहती है, किसी लड़के की रहती है, यहाँ खड़ा आदमी पढ़ ले तो शाम तक पूरे गाँव को मालूम. आपने वो सादा पन्ना अच्छा दिया साथ में. जिसने भी सोचा, बड़ा सोच के किया."

ताईजी बाहेर येऊन गाडीत बसल्या, किल्ली लावली. मग त्यांना हसू आलं, आणि बराच वेळ थांबेना. "सोच के," त्या म्हणत होत्या, "मी सोचून!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मला त्या क्षणी त्या इतक्या आवडल्या की काय सांगू. दुसरं कोणी असतं तर ते कौतुक खिशात घालून आलं असतं. या परत दुकानात गेल्या आणि त्या माणसाला सांगून आल्या, की पन्ना मेरी गलती थी भिया, सोच तो आपकी है.

परतताना वाट वाकडी करून सिमरोलला गेलो. तिथलं केंद्र एक मुलगी चालवते. तिने कोऱ्या पानांचा ढीगच दाखवला. काही फेकते म्हणाली, काहींवर धाकटा भाऊ चित्रं काढतो, आणि ताईजी ये बंद हो जाए तो अच्छा है, काग़ज़ बहुत जाता है. म्हणजे झालं. एका गावाला पान पाहिजे, दुसऱ्याला नको. मला वाटलं होतं मानपुरात उत्तर मिळालं. सिमरोलने ते पुन्हा उलटं केलं.

ताईजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पलीकडे सोयाबीन कापून झालेलं शेत होतं. म्हणाल्या, "तर मग? काय करायचं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तेव्हा मला कळलं की दिवाळी आजच आली आहे. हा शेवटचा प्रश्न त्या मला विचारत होत्या आणि उत्तराची हिंट कुठेही नव्हती. त्यांचं उत्तर काय असेल याचा अंदाज बांधायचा मी प्रयत्न केला, आणि मग सोडून दिला. मी त्या बाईचा विचार केला, जी पाकीट छातीशी धरून गेली.

"पान राहील," मी म्हटलं. "सगळीकडे, जसं आहे तसं. कोडमध्ये मी लिहीन की ही चूक नाही, रिपोर्ट झाकायला लागतं. ज्या केंद्राला नको, त्याला बंद करता येईल, पण ते वेगळ्या पाकिटात. आणि केंद्राने स्वतः मागितलं तरच."

"मालक म्हणतील काग़ज़ जातो."

"मी बोलीन त्यांच्याशी."

"काय बोलशील?"

"मानपूरला घेऊन जाईन. बाकावर बसवीन."

ताईजींनी गाडी सुरू केली. पूर्ण रस्ताभर त्या कुठल्या चौकात नवीन पूल होतोय आणि त्यामुळे किती हाल, याबद्दल बोलत राहिल्या. मी मनातून धास्तावले होते, पण माझं उत्तर बदलावं असं काही मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पान परत घातलं आणि पाकीट पाठवलं. दुपारी त्यावर त्यांचं हो आलं. नुसतं हो. मालकांशी मी बोलले. ते कुरकुरत तयार झाले.

त्यानंतर एकच पाकीट उरलं, जुनी स्क्रिप्ट काढून टाकायचं. ते मी लिहिलं, पण पाठवण्याआधी ती स्क्रिप्ट एकदा उघडून बघितली. तिच्या वरच्या ओळीत ताईजींचं नाव होतं. ताईजींनी त्या पाकिटाचाही रिव्ह्यू केला. काढल्या जाणाऱ्या ओळी स्क्रीनवर लाल दिसतात. त्या पूर्ण लाल पानावरून त्यांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, एकही ओळ न सोडता. माझे डोळे भरून आले होते. त्यांनी ते बघितलं.

"काय झालं तुला? काम तर चालूच आहे ना."

आणि त्यांनी हो म्हटलं.

दिवाळीनंतर ताईजी गेल्या. मुलीकडे जायचं काही ना काही कारणाने पुढे ढकलत त्या इंदूरलाच आपल्या घरी होत्या, आणि कुंड्याही होत्या. ऑफिसात लोक आता माझ्या टेबलाकडे यायला लागले. येणारे सगळे माझ्याच वयाचे, मला ते सगळं अजून परकं वाटायचं. मी वाचायची, वरात काढायची, समाधान व्हायचं, आणि तरी हो लिहिताना बोट अडायचं.

जानेवारीत एका नव्या मुलीने दुसरी एक स्क्रिप्ट सीमध्ये आणली. चांगली आणली होती. मी सगळं बघितलं, तिला परत पाठवलं, तिने नीट केलं, मी पुन्हा बघितलं. मग लॅपटॉप उचलला आणि सरळ ताईजींच्या घरी गेले. एकदा त्यांच्या नजरेखालून जाऊ दे, म्हणजे जिवाला शांती.

त्या गराडू तळत होत्या, आमच्याकडचा थंडीतला कंद. मला स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून दिली. मी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन विषय काढला. ताईजींनी गरम गराडूची प्लेट उचलली आणि सरळ त्या बॅगवर ठेवली. वर जीरावणाचा मसाला भुरभुरला. आता बॅग उघडायची तर प्लेट उचलावी लागणार, आणि ती इतकी गरम की हात लावायची सोय नाही.

"तू वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"वाचलं."

"मन भरलं?"

"भरलं, पण मला वाटलं एकदा तुम्ही..."

"मग त्या पोरीला कशाला ताटकळत ठेवून राहिलीस?"

एवढं बोलून त्या कढईकडे वळल्या. त्या थट्टा करत असतील म्हणून मी क्षणभर थांबले. पण त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि त्या पुढचा घाणा सोडत होत्या. कोडबद्दल त्यांना काही ऐकायचं नव्हतं. आधी मला थोडं लागलं. मग कळलं की या बाईने आज मला काय दिलं आहे.

मी फोन काढला. तेलकट अंगठ्याने त्या मुलीच्या पाकिटाखाली हो लिहिलं आणि पाठवलं. तिकडून लगेच उत्तर आलं. ती खरंच वाट बघत बसली होती.